एका वर्षाचा करार : खालच्या लीगमधला फुटबॉलर जगतो कसा, आणि मॅनेजर होतो कसा

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा मोसम मे महिन्यात संपतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक क्लब एक यादी जाहीर करतो : कोणाला ठेवलं, कोणाशी नव्या कराराची बोलणी चालू आहेत, कोणाला सोडलं. तिला 'रिटेन्ड लिस्ट' म्हणतात. तिथले करार साधारणपणे ३० जूनला संपतात, त्यामुळे 'सोडलं' या रकान्यात ज्याचं नाव आहे तो १ जुलैला बेरोजगार. घराचा हप्ता, मुलांची शाळा, बायकोची नोकरी हे सगळं त्या एका ओळीवर लोंबकळत असतं. लीग टू नावाच्या चौथ्या पायरीवर एखाद्या क्लबाने एका दमात डझनभर खेळाडू सोडले तर त्याची मोठी बातमीही होत नाही.

आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर जो इंग्लिश फुटबॉल दिसतो, तो या खेळाचा फार छोटा आणि फार श्रीमंत तुकडा आहे. त्याखाली हजारो व्यावसायिक खेळाडू राबतात. गंमत अशी की टीव्हीवर टचलाइनपाशी ओरडताना दिसणारे बरेच मॅनेजर, म्हणजे संघांचे मुख्य प्रशिक्षक, याच खालच्या गर्दीतून आलेले असतात. ते तिथून वर कसे येतात, हे कळायचं तर आधी ही गर्दी कशी चालते ते पाहायला हवं.

इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २०, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. नावं फसवी आहेत. लीग वन म्हणजे तिसरी पायरी आणि लीग टू म्हणजे चौथी. १९९२ मध्ये वरच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, प्रीमियर लीग काढली, आणि खालच्यांची नावं नंतर सरकत गेली. पाचवी पायरी नॅशनल लीग. सहावीपासून उत्तर आणि दक्षिण असे फाटे फुटतात आणि शेवटी गावोगावच्या मैदानांपर्यंत जाऊन पोचतात. मधल्या तीन पायऱ्यांवर प्रत्येक क्लब मोसमात ४६ लीग सामने खेळतो, म्हणजे प्रीमियर लीगपेक्षा आठ जास्त, तेही लहान संघ आणि बसचे लांबलांबचे प्रवास यांच्या जोरावर.

या पायऱ्यांमध्ये दरवर्षी ये-जा होते. लीग टूमधून चार संघ वर जातात आणि दोन खाली घसरतात. इतरत्र आकडे थोडे वेगळे. वर जाणाऱ्यांपैकी शेवटची जागा 'प्ले-ऑफ'ने ठरते. थेट जागा थोडक्यात हुकलेले चार संघ आपसांत खेळतात, आणि अंतिम सामना लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर. ४६ सामन्यांची मेहनत एका दुपारी फळाला येते किंवा मातीत जाते. ही पद्धत १९८६-८७ च्या मोसमात आली. त्याच मोसमापासून पाचव्या पायरीचा विजेता थेट लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत, येऊ लागला. त्याआधी ते दार जवळपास बंद होतं. तळाच्या चार क्लबांना बाकीच्या क्लबांच्या मतांवर आपलं सदस्यत्व टिकवावं लागे, आणि मतं बहुधा जुन्या ओळखीच्यांनाच पडत. या नव्या दारातून पहिल्यांदा आत आलेल्या स्कारबरो क्लबाचा मॅनेजर होता नील वॉरनॉक. या लेखाचा मुख्य माणूस तोच.

वॉरनॉक १ डिसेंबर १९४८ चा, शेफील्डचा. लहानपणापासून शेफील्ड युनायटेडचा चाहता. खेळाडू म्हणून विंगर. १९६७ पासून १९७९ पर्यंत तो ज्या क्लबांसाठी खेळला त्यांची यादी अशी : चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कनथॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क, क्रू. सुमारे बारा वर्षांत आठ क्लब, लीगचे तीनशेहून जास्त सामने, चाळीसहून कमी गोल. सर्वोच्च डिव्हिजनमध्ये एकही सामना नाही. आवडत्या शेफील्ड युनायटेडकडून खेळायला तर कधीच मिळालं नाही.

यादी नकाशावर ठेवून पाहिली की तिच्यातलं आयुष्य दिसतं. चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, बार्न्सली ही शेफील्डच्या आसपासची गावं, घरी राहून ये-जा करण्याजोगी. पण हार्टलपूल ईशान्येला, समुद्राकाठी, आणि ऑल्डरशॉट थेट दक्षिणेत. खालच्या लीगमधला खेळाडू क्लब निवडतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ज्याने फोन केला तो क्लब त्याचा. मग घर भाड्याने घ्यायचं की नाही, कुटुंब बरोबर न्यायचं की नाही, याचं गणित वर्षभराच्या करारावर मांडायचं.

हे करार इतके छोटे का? यामागे एक जुना, कोर्टकचेऱ्यांतून गेलेला इतिहास आहे, आणि त्यात फारसं नाव नसलेल्या एका साध्या खेळाडूचा मोठा वाटा आहे.

इंग्लंडमध्ये १९६१ च्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, अखेरीस आठवड्याला २० पौंड. कितीही मोठा खेळाडू असो, नियमाप्रमाणे त्याहून जास्त नाही. १९०७ साली स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने, जिमी हिल तिचा अध्यक्ष असताना, संपाची धमकी देऊन ही मर्यादा उठवली. याचा फायदा झाला तो प्रामुख्याने वरच्यांना. खालच्या क्लबांकडे मुळात पैसाच नव्हता, त्यामुळे मर्यादा उठली तरी तिथला पगार काही आकाशाला भिडला नाही.

दुसरी बेडी अधिक चीड आणणारी होती. करार संपल्यावरसुद्धा क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडकवून ठेवू शकत असे. पगार द्यायचा नाही, आणि दुसरीकडे जाऊही द्यायचं नाही. जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू न्यूकॅसल क्लबाविरुद्ध कोर्टात गेला, आणि १९६३ मध्ये न्यायालयाने ही अडवणूक बेकायदा ठरवली. पट्टा सैल झाला, पण सुटला नाही. १९७८ मध्ये करार संपल्यावर क्लब बदलण्याचं स्वातंत्र्य मिळालं, तरी नव्या क्लबाने जुन्याला पैसे मोजण्याची प्रथा राहिलीच. वॉरनॉकची खेळण्याची वर्षं जवळपास सगळी या दोन तारखांच्या मधली. आवडला तर अडवून धरायचा, नकोसा झाला तर 'फ्री ट्रान्सफर' देऊन मोकळं व्हायचं, ही सोय तेव्हा क्लबाच्या हातात होती. खालच्या पायऱ्यांवर दुसरी शक्यताच जास्त.

मग आला ज्याँ-मार्क बोसमान. आज हे नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे म्हणून तो कोणी बडा तारा असावा असं वाटतं. तो होता बेल्जियमच्या आरएफसी लिएज क्लबाचा साधा मधल्या फळीतला खेळाडू. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबाने नवा करार देऊ केला तो आधीच्या पगाराच्या साधारण चौथाईवर. फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, आणि तो होता तिथल्या दुसऱ्या डिव्हिजनचा. पण लिएजला हवी तशी रक्कम मिळेना, म्हणून त्यांनी त्याला सोडलं नाही. बोसमान कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयाने निकाल दिला : करार संपला की युरोपियन युनियनमधला खेळाडू युनियनमधल्या दुसऱ्या देशाच्या क्लबात फुकट जाऊ शकतो. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांच्या लढाईत संपली, आणि पुढे त्याचे दिवस हलाखीत गेले.

या निकालाने मोठ्या खेळाडूंचे खिसे भरले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या लीगवर झालेला परिणाम कमी चर्चिला जातो. लहान क्लबांचा एक मोठा आधार होता तो म्हणजे खेळाडू घडवायचा आणि वरच्या क्लबाला विकायचा. इंग्लंडमध्ये २४ वर्षांखालच्या खेळाडूसाठी भरपाई घेण्याची सोय राहिली, पण त्यापुढचा खेळाडू करार संपताच हातातून निसटू लागला. लांब करार द्यावा, तर खेळाडू जायबंदी झाल्यावर तीन-चार वर्षं पगार अंगावर. छोटा द्यावा, तर चांगला निघालेला खेळाडू फुकट जाणार. बहुतेक लहान क्लबांनी दुसरा धोका पत्करला, कारण पहिल्यात क्लबच बुडतो. एका वर्षाच्या करारात क्लबाची क्रूरता आहे असं सरसकट म्हणता येत नाही. बऱ्याचदा ती त्याची घाबरगुंडी असते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक उलट चित्र आठवेल. मुंबईच्या फुटबॉलमध्ये कैक वर्षं संघ होते ते कंपन्यांचे आणि खात्यांचे : मफतलाल, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, बँका, रेल्वे. तिथला खेळाडू बऱ्याचदा नोकरीत असे. सकाळी सराव, मग कचेरी, संध्याकाळी कूपरेजवर सामना. गुडघा गेला तरी टेबल आणि पगार शाबूत. त्यामुळे तो निर्धास्त खेळे. त्याचबरोबर, माझ्या मते, फुटबॉलमध्येच पुढे काही करायची निकडही त्याला कमी असे. इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या खेळाडूला टेबल नाही. तिशी जवळ आली की त्याला दुसरं काहीतरी शिकावंच लागतं, आणि अनेकांना त्यातल्या त्यात जवळचं वाटतं ते प्रशिक्षण.

करारासारखीच दुसरी गोष्ट म्हणजे 'लोन'. मोठ्या क्लबाकडे खेळाडू जास्त आणि जागा अकरा, म्हणून तो काहींना महिन्यासाठी, सहा महिन्यांसाठी किंवा मोसमभरासाठी खालच्या क्लबाला वापरायला देतो. पगार दोघं मिळून भरतात, किंवा मोठा क्लबच भरतो. तरुण खेळाडूला खरे सामने मिळतात, लहान क्लबाला फुकटात पाय मिळतात. वीस वर्षांच्या मुलाला लोन म्हणजे संधी वाटते. पंचविशीतल्याला तीच गोष्ट 'आम्हाला तू नकोस' असं ऐकू येते.

लोनची सगळ्यात अचाट गोष्ट जिमी ग्लासची. तो गोलकीपर. १९९९ च्या एप्रिलमध्ये कार्लाइल क्लबाकडे गोलकीपरच उरला नाही. स्वतःचा विकलेला, लोनवर आणलेला मूळ क्लबाने परत बोलावलेला. खेळाडू घेण्याची मुदत टळून गेली होती, म्हणून खास परवानगी काढून स्विंडनकडून ग्लासला आणलं, तीन सामन्यांसाठी. ८ मे, मोसमाचा शेवटचा दिवस. कार्लाइल चौथ्या पायरीच्या तळाला. प्लिमथविरुद्ध १-१, आणि जिंकलं नाही तर लीगमधून बाहेर. तिकडे त्याच संकटात असलेल्या स्कारबरोचा सामना बरोबरीत संपला होता आणि आपण वाचलो म्हणून त्यांचे प्रेक्षक मैदानात नाचत होते. जादा वेळेत कार्लाइलला कॉर्नर मिळाला. ग्लास स्वतःचा गोल उघडा टाकून धावत पुढे आला आणि परतलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो गेलं.

एवढा पराक्रम केला म्हणून ग्लासची चांदी झाली का? मुळीच नाही. तो दोन-तीन क्लब फिरला, सत्ताविशीत खेळ सुटला, पुढे काही वर्षं टॅक्सी चालवली. नंतर बोर्नमथ क्लबात खेळाडूंची घरं, शाळा, गाड्या अशा अडचणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं काम त्याला मिळालं. खालच्या लीगमधून मॅनेजर झालेल्यांच्या कहाण्या वाचताना ग्लासचं नाव मनात ठेवावं. मॅनेजर होतात ते थोडे. बाकीचे टॅक्सी चालवतात, घरं रंगवतात, शाळेत शिकवतात, दुकान टाकतात, आणि त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत.

आणि स्कारबरो? ज्या नव्या दाराने वॉरनॉकने त्यांना १९८७ मध्ये आत आणलं, त्याच दाराने ते बारा वर्षांनी बाहेर पडले. २००७ मध्ये कर्जापायी तो क्लब बंदच झाला.

दुखापतींबद्दल फार सांगायला नको. वरच्या क्लबात गुडघा फाटला तर उत्तम सर्जन, आणि मोठ्या कराराची उशी. खाली तेच झालं तर पुढच्या मे महिन्याच्या यादीची भीती. एडी हाऊचं उदाहरण घ्या. बोर्नमथचा बचावपटू, सगळं उमेदीचं वय तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आसपास. २००२ मध्ये पोर्ट्‌समथने त्याला विकत घेतलं आणि जवळजवळ लगेचच त्याचा गुडघा गेला. पुढची दोन वर्षं तो जवळपास खेळलाच नाही. २००४ मध्ये बोर्नमथला तो परत हवा होता, पण द्यायला पैसे नव्हते. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढली, आणि काही दिवसांतच सुमारे २१ हजार पौंड जमले. गणपतीची वर्गणी ज्यांनी गोळा केली आहे त्यांना यातली भावना वेगळी समजावायला नको. पण गुडघा पूर्वीसारखा झाला नाही, आणि तिशीच्या आत हाऊ प्रशिक्षणाकडे वळला. २००८-०९ मध्ये आर्थिक घोळामुळे बोर्नमथने लीग टूमध्ये मोसम सुरू केला तो उणे १७ गुणांवर. डिसेंबर संपता संपता संघ हाऊच्या हाती आला. वय ३१, लीगमधला सगळ्यात तरुण मॅनेजर. त्याने संघ वाचवला, पुढच्याच वर्षी वर चढवला. मध्ये थोडा काळ बर्नलीला जाऊन आला, आणि २०१५ मध्ये बोर्नमथला प्रीमियर लीगमध्ये नेलं. २०२५ मध्ये लीग कप जिंकून न्यूकॅसलला १९५५ नंतरचं पहिलं मोठं देशांतर्गत विजेतेपद मिळवून देणारा मॅनेजर तोच.

आता प्रशिक्षक होण्याचा रीतसर रस्ता. युरोपात चार परवाने आहेत : यूएफाचे, म्हणजे युरोपियन फुटबॉल महासंघाचे, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. प्रत्येकासाठी वर्ग, मैदानावर घेतलेले सराव, परीक्षकांचं निरीक्षण. प्रीमियर लीगमध्ये कायमचा मॅनेजर व्हायचं तर प्रो परवाना लागतो. त्याचा अभ्यासक्रम वर्षाहून जास्त चालतो आणि स्वस्त नसतो. खेळाडूंची संघटना सदस्यांना या शिक्षणासाठी मदत करते, म्हणून शहाणे खेळाडू खेळत असतानाच बी आणि ए उरकून घेतात. दुपारी सराव सुटला की सहकारी गोल्फला जातात आणि हे गडी क्लबाच्या बारा वर्षांच्या पोरांना शिकवायला.

वॉरनॉकच्या काळात हे सगळं इतकं बांधीव नव्हतं. खेळत असतानाच त्याने पायांच्या विकारांवर उपचार करण्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि खेळ सुटल्यावर त्या व्यवसायाचा त्याला आधार होता. मॅनेजरकीची सुरुवात झाली ती गेन्सबरो ट्रिनिटी आणि मग बर्टन ॲल्बियन अशा लीगबाहेरच्या क्लबांत. हे अर्धवेळचे क्लब. खेळाडू दिवसा गवंडी, पोस्टमन, शिक्षक, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी दिव्याखाली सराव. मॅनेजरसुद्धा तसाच : सकाळी लोकांचे पाय तपासायचे आणि संध्याकाळी पळवायचे.

अर्धवेळच्या क्लबात मॅनेजर जे शिकतो ते परवान्याच्या वर्गात मिळणं कठीण आहे. दिवसभर विटा वाहून आलेल्या माणसाला बुधवारच्या पावसात धावायला सांगायचं कसं? पन्नास पौंड जास्त मागणाऱ्याला नाही म्हणताना त्याचं मन कसं राखायचं? कोणाला ओरडलं की तो पेटतो आणि कोण विझतो? हे वॉरनॉकला जमलं. १९८६ मध्ये तो स्कारबरोला गेला, नव्याने गोळा केलेल्या खेळाडूंचा संघ बांधला आणि पहिल्याच मोसमात पाचवी पायरी जिंकली. मतदान न होता लीगमध्ये आलेला तो पहिला क्लब.

इथे इंग्लंडमधल्या 'मॅनेजर' या पदाबद्दल थोडं सांगायला हवं. युरोपात इतरत्र प्रशिक्षक संघ घडवतो आणि खेळाडूंची खरेदी वेगळा अधिकारी पाहतो. इंग्लंडमध्ये परंपरेने दोन्ही कामं एकाच माणसाकडे असत. आता वरचे क्लब बदलले आहेत, पण खालच्या पायऱ्यांवर मॅनेजर आजही फोनवरच असतो : कोणता खेळाडू जूनमध्ये मोकळा होतोय, कोणाचं आपल्या मॅनेजरशी पटत नाही, कोण पगार कमी घेऊन घराजवळ यायला तयार आहे. ज्या माणसाने आठ क्लबांत कपडे बदलले त्याच्या वहीत हे नंबर आपोआप जमलेले असतात. शिवाय आठ मॅनेजरांची भाषणं त्याने ऐकलेली असतात. चांगल्यांची आठवतात, आणि भिकार भाषणं तर जास्तच.

वॉरनॉकची एक खोड यात पक्की होती. भरवशाचे खेळाडू तो गावोगाव बरोबर न्यायचा. गोलकीपर पॅडी केनी लीगबाहेरच्या ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यूकडे होता, त्याला वॉरनॉकने बरी नावाच्या क्लबात आणलं. पुढे शेफील्ड युनायटेड, क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर) आणि लीड्स, तिन्ही ठिकाणी केनी त्याच्यामागे गेला. टीकाकार याला आळस म्हणतात. मला त्यात खालच्या लीगचा व्यवहार दिसतो : परीक्षा घ्यायला ना पैसा आहे ना वेळ, तेव्हा ज्याची परीक्षा आधीच घेतली आहे तोच बरा.

पुढचा त्याचा प्रवास म्हणजे चढण आणि हकालपट्टी यांची माळ. नॉट्स काउंटीला १९९० आणि १९९१, लागोपाठ दोन प्ले-ऑफ जिंकून तिसऱ्या पायरीवरून थेट पहिल्या पायरीवर नेलं. १९९३ च्या जानेवारीत तिथूनच काढलं गेलं. काही महिने टॉर्कीला, एका बुडत्या संघाला वाचवायला. १९९५ मध्ये हडर्सफील्डला प्ले-ऑफमधून वर नेलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच स्वतः पद सोडलं. पुढच्याच वर्षी प्लिमथसह पुन्हा वेम्बली, पुन्हा चढण. मग ओल्डहॅम, बरी. शेवटी १९९९ मध्ये लहानपणीचा क्लब, शेफील्ड युनायटेड. २००६ मध्ये तो संघ प्रीमियर लीगमध्ये चढला आणि वर्षभरात फक्त गोलफरकाने खाली आला. त्याच दिवशी वाचलेल्या वेस्ट हॅमकडून खेळणाऱ्या कार्लोस तेवेझच्या करारावरून मोठा वाद झाला, तो वेगळा विषय. पुढे २०११ मध्ये क्यूपीआर आणि २०१८ मध्ये कार्डिफ. एकूण आठ वेळा त्याने संघ वर नेला, इंग्लिश फुटबॉलमधला तो विक्रम आहे.

एवढं करूनही नोकरी टिकते असं नाही, हे कळायला शॉन डाइशचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तो नामवंत मॅनेजर ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये उमेदवार म्हणून वाढला, पण पहिल्या संघातून एकही सामना न खेळता चेस्टरफील्डला गेला. मोठ्या क्लबांच्या चाळणीतून गळलेली मुलं खालच्या क्लबांना मिळतात, हा नेहमीचा मार्ग. १९९७ मध्ये तिसऱ्या पायरीवरचं हे चेस्टरफील्ड एफए कप या देशभरच्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचलं. ओल्ड ट्रॅफर्डवर प्रीमियर लीगच्या मिडल्सब्रोविरुद्ध डाइशने पेनल्टीवर गोल करून २-० केलं. नंतर चेस्टरफील्डचा एक चेंडू रेषेच्या आत पडला असूनही गोल दिला गेला नाही, सामना ३-३ सुटला आणि फेरसामना ते हरले. डाइश पुढे ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्थॅम्प्टन असा फिरला. २००७ मध्ये खेळ थांबवला आणि वॉटफर्डच्या युवा संघाला शिकवू लागला. तिथेच सहायक झाला, २०११ मध्ये मॅनेजर झाला, पहिल्या मोसमात संघाला चॅम्पियनशिपमध्ये अकरावा आणला, आणि त्या उन्हाळ्यात क्लब विकला गेल्यावर नव्या मालकांनी आपला माणूस आणला. काम चांगलं होतं, दोष काही नव्हता, तरी घरी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्नलीने त्याला घेतलं. तिथे तो जवळपास साडेनऊ वर्षं राहिला, दोनदा संघ वर नेला, आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर येऊन युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्यांपर्यंत पोचला. मधे २०१५ मध्ये संघ खाली गेला, तरी बर्नलीने त्याला काढलं नाही. इतका धीर धरणारे मालक दुर्मीळ, आणि तो धीर फळला हेही तितकंच खरं.

खालच्या लीगमधून आलेले मॅनेजर चांगले का निघतात, याचं एक गोड उत्तर नेहमी दिलं जातं : त्यांनी संघर्ष पाहिलेला असतो. मला ते अर्धंच पटतं. संघर्ष जिमी ग्लासनेही पाहिला. अधिक खरं कारण व्यवहारातलं असावं. मोठ्या ताऱ्याला पायाने जे सहज जमलं ते शब्दांत सांगायची वेळ कधी आलेली नसते. डाइशसारख्या बेताच्या वेगाच्या बचावपटूला कुठे उभं राहायचं, कोणाला कधी हाक मारायची, हे विचार करूनच जगावं लागलं. शिवाय त्याला पहिली नोकरी युवा संघाची किंवा अर्धवेळच्या क्लबाची मिळते, जिथे चुका झाल्या तरी कॅमेरे नसतात. नावाजलेला खेळाडू थेट मोठ्या क्लबात बसतो आणि त्याच्या चुका देशभर दिसतात.

भारतात ही शिडी अजून अर्धीच उभी आहे. परवान्यांची रचना आशियाई महासंघाची, युरोपाच्याच धर्तीची, आणि पहिल्या पायरीचे वर्ग राज्य संघटनाही घेतात. खेळाडू ते प्रशिक्षक हा रस्ता चाललेला, महाराष्ट्राशी घट्ट जोडलेला माणूस म्हणजे खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळून तो मुंबई एफसीचाच प्रशिक्षक झाला. हाताशी पैसा कमी, मोसमामागून मोसम आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये टिकून राहणं हेच काम. २०१६ मध्ये तिथून बाहेर पडला आणि मिझोरमच्या ऐजॉल एफसीला गेला. हा संघ आधीच्या मोसमात खाली घसरला होता, आणि नंतर पुन्हा सामावून घेतला गेला होता. २०१६-१७ मध्ये जमीलने त्यांनाच आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

पण जमीलच्या जागी पोचायला क्लब हवेत, आणि क्लबांना वर-खाली जायची वाट हवी. आय-लीगची जागा घेऊन सर्वोच्च झालेली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली. आय-लीग जिंकून तिच्यात चढणारा पहिला संघ पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये. नंतर मोहम्मेडन स्पोर्टिंग. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत तरी तिथून खाली कोणीच घसरलं नाही. कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरून जातं, पण त्या मैदानावरून सुटलेल्या मुलाला पुढची पायरी शोधायला गावच सोडावं लागतं.

वॉरनॉकचं काय झालं? २ नोव्हेंबर २०२१, मंगळवार. मिडल्सब्रोचा मॅनेजर म्हणून ल्यूटनविरुद्ध त्याने आपला १,६०२ वा सामना सांभाळला आणि सर्वांत जास्त सामने सांभाळण्याचा क्रूच्या डॅरिओ ग्राडीचा विक्रम मोडला. संघ हरला. शनिवारी वेस्ट ब्रॉमविरुद्ध बरोबरी झाली, आणि तो सामना संपल्यावर मिडल्सब्रोची नोकरी गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ७४ व्या वर्षी, घसरणाऱ्या हडर्सफील्डने त्याला बोलावलं आणि मोसमअखेरीस तो संघ चॅम्पियनशिपमध्ये टिकला. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला गेला, आणि महिन्याभरात स्कॉटिश कपचा उपांत्यपूर्व सामना जिंकून तिथूनही बाहेर पडला. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, तो टॉर्कीला सल्लागार म्हणून गेला. १९९३ मध्ये त्याने लीगमध्ये टिकवलेला हा क्लब, वॉरनॉक तिथे पुन्हा आला तेव्हा, सहाव्या पायरीवर होता.